तिसरी बाटली

२०१७ सालच्या आश्विनात आर्णी तालुक्यात कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. इतकी उंच कपाशी धावजी नायकानं साठ वर्षांत पाहिली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, यंदा पीक जोरात आहे. पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघायची. तांड्यातल्या बायका ते बोंड तळहातावर घेऊन एकमेकींना दाखवायच्या आणि फेकून द्यायच्या.

धावजी या तांड्याचा नायक. त्याच्या आज्याच्या आज्याच्या वेळी हा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. कुठं उतरायचं, कधी निघायचं हे नायक ठरवायचा आणि बाकीचे निघायचे. आता ऐंशी घरं पक्की वसली होती, ज्याचं त्याचं वावर होतं, पोरं पुण्या-नागपुरापर्यंत गेली होती. तरी सवय तीच राहिली होती. लग्न असो की भांडण, धावजीनं शब्द टाकला की विषय संपायचा.

चार वर्षांपूर्वी त्यानं फवारणीचीही अशीच व्यवस्था लावली. एकानं आज फवारलं आणि दुसऱ्यानं आठवड्यानं, तर कीड या वावरातून त्या वावरात जाते. म्हणून सगळ्या तांड्याचं एकाच टोळीनं, ओळीनं फवारायचं. सात पंप, सात माणसं, आणि औषध कालवणार धावजी स्वतः. ही युक्ती लागू पडली. शेजारच्या गावचे लोक ती पाहायला यायचे. धावजीला तिचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

यंदा मात्र औषध लागेना. आर्णीचा दुकानदार दर खेपेला नवी बाटली पुढं करायचा आणि म्हणायचा, "नायक, हे बी टाकून पाहा." एका औषधाची दोन झाली, दोनाची तीन. बाटलीवरचं बारीक इंग्रजी धावजीला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याला विचारणं त्याच्या जिवावर यायचं. आपल्याला आता कळेनासं झालंय, हे त्याला आतून ठाऊक होतं. पण सकाळी सात माणसं पंप घेऊन समोर उभी राहायची, आणि नायकानं "मले माहीत नाई" म्हणायचं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ना बापाच्या तोंडून, ना आज्याच्या.

त्या मंगळवारी सकाळी धरमसिंगच्या वावरात त्यानं ड्रममध्ये तिन्ही बाटल्या ओतल्या आणि काठीनं ढवळलं. धरमसिंग तांड्याचा कारभारी, म्हणजे नायकाचा उजवा हात. त्याचं वावर सगळ्यांत मोठं.

टोळीतला सगळ्यांत जुना माणूस म्हणजे उकंडा. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं पंप भरून घेतला नाही. तो ड्रमाजवळ थांबला.

"नायक, कालपासून डोये झोंबून राह्यले. डोकं बी जड हाय. आजच्या दिस मले राहू द्या."

"तोंडाले दुपट्टा बांध," धावजी ढवळता ढवळता म्हणाला. "अन् वाऱ्याकडे पाठ करून चाल."

"दुपट्टा वल्ला होते नं. मंग तेच नाकात जाते."

"उकंडा, सगये तुयासाठी थांबले हायेत. आज नाई मारलं तं उद्या मारून फायदा नाई."

उकंडानं एकदा ड्रमाकडे पाहिलं, एकदा धावजीकडे. मग त्यानं पंप पाठीवर घेतला आणि कपाशीत शिरला. कपाशी इतकी उंच होती की दोन पावलांत तो दिसेनासा झाला. झाडांच्या वर नुसते फवाऱ्याचे तुषार उडत होते आणि खाली त्याच्याच तोंडावर येत होते.

दुपारी एकच्या सुमारास पंपाचा आवाज थांबला.

गुलाबसिंगनं, टोळीतल्या दुसऱ्या माणसानं, हाक मारली. उत्तर आलं नाही. चौघं आत धावले आणि उकंडाला ओढत बांधावर घेऊन आले. तोंडाला फेस, अंगाला घाम, हातपाय थरथरत होते. तो काहीतरी बोलत होता पण शब्द लागत नव्हते.

धावजीची सून जया तांड्याची आशा सेविका होती. कोणीतरी तिला बोलावलं. ती पळतच आली आणि आल्या आल्या उकंडाचा सदरा फाडला.

"पाणी आणा. साबण आणा. डोक्यापासून धुवा त्याले, औषध अंगावर ठेवू नका. मामाजी, कोणतं औषध होतं?"

धावजीनं प्रश्न ऐकला, पण त्याचं लक्ष धरमसिंगकडे होतं. धरमसिंग जवळ येऊन हळूच म्हणाला, "नायक, मागच्या पंधरवड्यात तिकडल्या गावात असंच झालं. पोलीस आले होते. ज्याच्या वावरात झालं त्याच्यावर बेतलं. बाटल्या मी उचलतो. तुमी दवाखान्यात नेहमीचंच औषध सांगा. एकच."

धावजीनं मान हलवली. हो म्हटलं नाही, पण मान हलवली. धरमसिंगनं तिन्ही बाटल्या पोत्यात टाकल्या आणि नाल्याकडे निघाला. साबण चोळता चोळता जयानं मान वर करून ते पाहिलं.

धावजीचा मुलगा राजकुमार तांडा ते आर्णी काळी-पिवळी जीप चालवायचा. त्यानं जीप बांधापर्यंत आणली. मागच्या सीटवर उकंडाला आडवं केलं. त्याचं डोकं बायकोनं, सुखीबाईनं, मांडीवर घेतलं. धावजी पुढं बसला. आर्णीच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन देऊन त्यांनी लगेच यवतमाळला पाठवलं. रस्ताभर सुखीबाई एकच वाक्य म्हणत होती, "अवो, डोये उघडा, डोये उघडा." धावजीनं मागं वळून पाहिलं नाही. त्याला वळवलंच नाही.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवसांत अशीच माणसं येत होती. एका वॉर्डात तर दोन दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून निजवलेली. कोणाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. कोणाचे हात खाटेला बांधले होते, कारण शुद्ध हरपल्यावर ती माणसं सलाईन उपटून टाकायची. अनघा नावाची एक तरुण डॉक्टर तिथं होती. यवतमाळातच शिकलेली, वकिलांच्या घरातली. तिचे डोळे लाल झाले होते, पण बोलणं शांत होतं.

"काय फवारलं?"

धावजीनं नेहमीच्या औषधाचं नाव सांगितलं.

"फक्त हेच?"

"हेच."

तिनं ते कागदावर लिहिलं आणि त्या औषधाचा उतारा सुरू केला.

अर्ध्या तासानं ती परत आली. उकंडाच्या पापण्या उघडून तिनं बॅटरी मारली, नाडी पाहिली, नर्सला काहीतरी विचारलं. उकंडा आता ओरडत होता, हवेत काहीतरी पकडत होता. नर्सनं आणि राजकुमारनं त्याचे हात धरले होते. अनघा कागदाकडे पाहत उभी राहिली. मग ती धावजीला व्हरांड्यात घेऊन गेली.

"काका, मला जुळत नाहीये. तुम्ही सांगितलंत तेवढंच औषध असेल, तर इंजेक्शननं एवढ्या वेळात फरक पडायला हवा होता. फरक नाही म्हणजे दोनच गोष्टी. एक तर विष फार गेलंय, मग मला डोस वाढवायला हवा. नाही तर त्यात आणखी काहीतरी आहे, ज्याच्यावर हे इंजेक्शन चालतच नाही. मग डोस वाढवला तर त्या इंजेक्शनानंच त्याचा जीव जाईल."

धावजीनं दवाखान्याच्या फाटकाकडे पाहिलं.

"मी पोलीस नाही," ती म्हणाली. "मला फक्त बाटली हवी आहे. वीस मिनिटं थांबते. त्यापुढं मला थांबता येणार नाही."

ती आत गेली.

व्हरांड्यात धावजी एकटा उभा राहिला. समोर कोणीतरी भाकरीचं गाठोडं उशाशी घेऊन झोपलं होतं. बावीस वर्षं तो नायक होता. या बावीस वर्षांत त्यानं कितीतरी निवाडे केले होते. कोण खोटं बोलतंय हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. आपला स्वतःचा चेहरा आत्ता कसा दिसत असेल, असं त्याच्या मनात आलं.

दाराच्या फटीतून सुखीबाई दिसत होती. ती नवऱ्याचे पाय दाबत होती.

त्यानं राजकुमारला बाहेर बोलावलं आणि त्याचा फोन घेतला. आधी त्यानं धरमसिंगला लावला.

"धरमसिंग, बाटल्या कोठी हायेत?"

"काहून? कोणी इचारलं काय? फिकर नका करू, नायक. नाल्याच्या खड्ड्यात टाकल्या होत्या. आत्ताच परत येऊन पेटवलं."

"इझव. जयाजवळ दे त्या."

"नायक, तुमीच तं मान हलवली होती!"

"हलवली होती. चुकलो मी."

धरमसिंगनं त्याच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "माझ्या वावरात झालं हाय हे. नाव माझं येईन."

"कालवलं मी. नाव माझं सांगतो."

"आता म्हणून राह्यले तुमी. पोलीस समोर आले मंग?"

"तवाबी हेच म्हणन."

फोन कटला. धरमसिंगनं ठेवला की रेंज गेली, हे धावजीला कळलं नाही. त्यानं घाईघाईनं जयाचा नंबर लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी लागला.

"जया, नाल्यावर जा..."

"मी नाल्यातच आहो मामाजी," जया धापा टाकत म्हणाली. मागं धरमसिंगचा आरडाओरडा ऐकू येत होता. "धरमसिंगकाका पुन्हा इकडे निघाले तशी मागंच आली मी. पेटवलं तसं काठीनं ओढल्या. दोन बऱ्या हायेत. तिसरी अर्धी जयली."

"नाव दिसते काय?"

"अर्धं दिसते. इथून फोटो जात नाई. मंदिराच्या ओट्यावर जाते, तिथं रेंज हाय. ठेवा."

धावजीनं फोन कानापासून काढला नाही. तो तसाच धरून राहिला. मग राजकुमारनं त्याच्या हातातून घेतला आणि दोघं फोनच्या काचेकडे पाहत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. दहा. अनघा एकदा दारात येऊन गेली. नर्सनं ट्रेमध्ये भरलेली सिरिंज आणून ठेवली.

"डॉक्टर मॅडम," धावजी दारातूनच म्हणाला, "तीन औषधं होती. मीच कालवलं. खोटं सांगतलं मी. फोटो येऊन राह्यला. तेवढं थांबा."

सुखीबाईनं पाय दाबणं थांबवलं आणि वर पाहिलं.

अनघानं नर्सला हातानं थांबवलं.

फोटो आला तेव्हा त्यात जयाचा हातही होता, बोटांना फोड आलेला. तिसऱ्या बाटलीचं लेबल काळं पडलं होतं, पण नावाची पहिली पाच अक्षरं आणि खालच्या कोपऱ्यातली एक ओळ उरली होती. अनघानं फोटो मोठा करून पाहिला, आत जाऊन कोणाला तरी फोन केला, दोन मिनिटांनी बाहेर आली.

"या तिसऱ्याला उतारा नाही," ती म्हणाली. "पण ते आहे हे कळलं. आता मी डोस वाढवणार नाही. श्वास चालू ठेवायचा, सलाईन द्यायचं, वाट पाहायची. एवढंच माझ्या हातात आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "काका, अजून पाच मिनिटं झाली असती ना, तर मी ते इंजेक्शन दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडाचा श्वास सुधारला होता. शुद्ध नव्हती, पण ओरडणं थांबलं होतं. व्हरांड्यातल्या नळावर सुखीबाई तोंड धूत होती. धावजी तिच्याजवळ गेला आणि उभा राहिला.

तीच बोलली. "काल सकाळी ते तुमाले म्हणले होते नं, आज नाई जात म्हणून? घरून निघताना मले सांगून गेले होते, नायकाले इचारतो म्हणून."

"हो. म्हणला होता."

"अन् तुमी?"

"मी पाठवला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. धावजीला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे माझ्याजवळ सांगून काय फायदा," ती म्हणाली. "तांड्यात जाऊन सांगा. तिथं अजून सहा जण हायेत."

धावजी आर्णीची एसटी पकडून तांड्यात आला. दहाच्या सुमारास मंदिराच्या ओट्यापुढं सगळा तांडा जमला. त्याची बायको चंदाबाई बायकांमध्ये बसली होती. जया हाताला फडकं गुंडाळून उभी होती. धरमसिंग कडेला, मान खाली घालून. धावजी नेहमीप्रमाणे ओट्यावर चढला, पण गादीवर बसला नाही.

त्यानं सगळं सांगितलं. तीन बाटल्या, न वाचता येणारं लेबल, उकंडाचं सकाळचं बोलणं, मान हलवणं, दवाखान्यातलं खोटं. एवढं मोठं काही तो तांड्यापुढं कधी बोलला नव्हता. त्याची बोलणी दोन वाक्यांत संपायची. चंदाबाईनं तोंड फिरवून घेतलं. एक म्हातारा नुसता खाकरून थुंकला. ते कोणाला उद्देशून होतं, ते सगळ्यांना कळलं.

जया पुढं आली. "टोळीतल्या बाकीच्यांनी सांगा. कोणाकोणाले त्रास होऊन राह्यला? डोये, उलटी, काहीबी."

सहाही जण समोर बसले होते. कोणी बोललं नाही. गुलाबसिंगचे डोळे सुजलेले दिसत होते, तरी तो जमिनीकडे पाहत राहिला.

"सांगा नं," जया म्हणाली. "घाबरता कायले?"

पुन्हा तेच. गुलाबसिंगनं चोरून एकदा ओट्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ती नजर धावजीनं पाहिली. तो इतकी वर्षं हिला मान समजत आला होता.

तो ओट्यावरून खाली उतरला.

"मी इथं हाय तोवर हे बोलणार नाईत," तो जयाला म्हणाला. "तू इचार. मी तिकडे जाऊन बसतो."

नायक सभा सोडून उठलाय हे तांड्यानं पहिल्यांदाच पाहिलं. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो शाळेच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि सभेकडे पाठ करून बसला. पाठीवर ऊन लागत होतं. सुरुवातीला मागं काहीच आवाज नव्हता. मग एकाचा आला, दबका. मग दुसऱ्याचा. मग एकदम तीन-चार जण बोलायला लागले, कोणीतरी रडलं, कोणीतरी धावजीच्या नावानं चढ्या आवाजात काहीतरी बोललं. त्याला वळून पाहावंसं वाटलं. वळून पाहिलं की ते गप्प होतील, हेही त्याला माहीत होतं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिला.

बऱ्याच वेळानं जया आली.

"पाच जणांले हाय," ती म्हणाली. "सहातल्या पाच. गुलाबसिंग काल रातपासून उलट्या करून राह्यला, घरच्यांले बी सांगतलं नाई. त्याले अन् आणखी एकाले आत्ताच न्या लागते."

"कायले नाई सांगतलं त्यानं?"

जयानं सासऱ्याकडे पाहिलं. आजवर तिनं त्याच्याशी डोळे वर करून बोलणं टाळलं होतं. "उकंडाकाकानं सांगतलं होतं नं मामाजी. पाह्यलं त्यायनं काय झालं ते."

दोघांना घेऊन शेजारच्याची गाडी आर्णीला गेली. सभा मात्र मोडली नाही. आठ दिवस फवारणी बंद ठेवावी, असं जयानं सुचवलं. आता धरमसिंग उठला.

"मले बी वाईट वाटते. उकंडा माझ्याच वावरात पडला. पण अयी थांबून राह्यली काय? आठ दिस फवारणी बंद म्हणता. आठ दिसात वावरात पऱ्हाटीच्या काड्या राह्यतीन. पोरीचं लगन हाय माझ्या. मी काय तिले हात जोडू, की बाई नको खाऊ?"

पुष्कळांनी माना डोलावल्या. त्याचं चूक होतं असं कोणालाच म्हणता येत नव्हतं. सगळे सवयीनं ओट्याकडे वळले, पण ओट्यावर कोणी नव्हतं. धावजी लोकांच्या मागं उभा होता.

"नायक, हुकूम करा," कोणीतरी म्हणालं.

"मले माहीत नाई," धावजी म्हणाला.

ते तीन शब्द बोलायला त्याला किती जोर लागला, हे चंदाबाईला दिसलं.

"खरंच माहीत नाई. माझ्या वावरात फवारा मारणार नाई, एवढं मी सांगतो. अन् कोणाले औषध कालवून देणार नाई. बाकी ज्यायनं पंप उचलला त्यायले आधी इचारा. मंग वावरवाल्यायले."

मग तासभर नुसता गोंधळ झाला. लोकांना असं बोलायची सवयच नव्हती. जयानं सांगितलं, यवतमाळच्या डॉक्टरनं आणि कृषी सहायकानं फोनवर काय काय म्हटलंय ते. कपाशीचे शेंडे खुडा, म्हणजे झाड डोक्याखाली येईल. किडकी बोंडं वेचून जाळा. फवारायचंच असेल तर एकच औषध, सकाळच्या वेळी, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावून. कोणी म्हणालं, ऐंशी घरांचे शेंडे कोण खुडणार? बायका म्हणाल्या, आमी खुडू. कोणी म्हणालं, त्यानं काही होत नाही. शेवटी टोळीतल्या मागं राहिलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातला एक उभा राहून म्हणाला, "आमी आठ दिस पंप उचलत नाई." बस, तेवढंच. ठराव असा काही झाला नाही.

धरमसिंग रागानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पंप पाठीवर घेतला. तांड्यातून कोणी त्याच्याबरोबर गेलं नाही. धावजीला कळलं तसा तो वावराकडे गेला. धरमसिंग तीन ओळी फवारून बांधावर येऊन बसला होता. डोळे चोळत होता, सदरा ओला होता. धावजीनं घागरीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. धरमसिंगनं तोंड धुतलं, मग डोकं धुतलं.

"नायक," तो म्हणाला, "मी आजवर पंप भरला, उचलला कधी नाई. लय जड असते हे."

त्यानं उरलेलं औषध तिथंच ठेवलं. पण तो नायकाशी त्यानंतर बरेच महिने सरळ बोलला नाही.

चार दिवसांनी पोलीस जबाब घ्यायला आले. धरमसिंग घराच्या दारात उभा राहून पाहत होता. धावजीनं सांगितलं, "औषध माझ्या हातानं कालवलं. जायचं नव्हतं त्याले, मी पाठवलं. बाटल्या लपवल्या त्या माझ्या संमतीनं." जमादारानं दोनदा विचारलं, नीट विचार करून सांगताय ना? धावजी म्हणाला, लिहा. पुढं वर्षभर त्याला चौकशीसाठी आर्णीला जावं लागलं.

पिकाचं सांगायचं तर निम्म्याच्या वर गेलं. आसपासच्या गावांत, जिथं फवारणी चालूच राहिली तिथंही, जवळपास तेवढंच गेलं. पण तांड्यातले काही लोक अजून म्हणतात की नायकानं त्या आठ दिवसांत माती केली. धावजी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांचंही खरं असू शकतं, असं त्याला वाटतं. गुलाबसिंग आणि दुसरा माणूस तीन दिवसांत घरी आले. त्यानंतर तांड्यात कोणी पडलं नाही.

उकंडा एकोणीस दिवसांनी परत आला. उजव्या डोळ्यानं त्याला धूसर दिसत होतं, आणि डॉक्टर अनघानं स्पष्ट सांगितलं होतं की यापुढं पंपाला हात लावायचा नाही.

धावजी त्याच्या घरी गेला. उकंडा अंगणात खाटेवर बसला होता. बारीक झालेला, दाढी वाढलेली. तो उठायला लागला तसं धावजीनं त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. सुखीबाई चुलीजवळ होती. तिनं पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

"उकंडा, माफी मागाले आलो."

उकंडाच्या डोळ्यांत पाणी येत होतं ते तो बोटानं पुसत होता; ते दुखण्याचं होतं की कसलं, ते कळत नव्हतं.

"सुखीनं सांगतलं मले सगळं," तो म्हणाला. "तुमी मले धाडलं. अन् तुमीच खरं बोलले म्हणून मी जिता आहो, असं ती डॉक्टरीण बी म्हणे. नायक, दोन्ही मले याद राहीन. एकानं दुसरं पुसल्या जात नाई."

"नाई जात," धावजी म्हणाला.

"एक इचारू? पुढच्या साली कोणी म्हणलं, आज नाई जात, तं ऐकान काय तुमी?"

"ऐकीन."

"अन् नाई ऐकलं तं?"

ऐकीनच, असं म्हणणं सोपं होतं. "नाई ऐकलं तं त्यानं जाऊ नाई," तो म्हणाला.

उकंडा हसला, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "न जाणं सोपं असते काय नायक? मले तं तुमच्या समोर नुसतं तोंड उघडाले चार दिस लागले होते. डोये आदल्या दिवसापासून नाई, चार दिसांपासून झोंबत होते."

हे धावजीला माहीत नव्हतं. तो अंगणातल्या शेणानं सारवलेल्या भुईकडे पाहत राहिला. चुलीजवळून नवऱ्याकडे पाहत सुखीबाई म्हणाली, "पोरगी आठवीत हाय आमची. इंग्रजी वाचते. औषध आणाले जासान तवा तिले अन् यायले घेऊन जात जा. यायले पंप उचलता येत नाई, पण नाई म्हणता येते."

"येशीन काय माझ्यासंगं?" धावजीनं विचारलं. विचारणं उकंडाला होतं, पण पाहिलं त्यानं सुखीबाईकडे.

"पाहू," उकंडा म्हणाला. "मले आधी बरं होऊ द्या."

धावजी उठला. त्याला चहा कोणी विचारला नाही, आणि तो थांबलाही नाही.